पेलाभर पाण्याचं घड्याळ: पहिल्या स्वयंचलित राइस कुकरचं प्रकरण

पार्श्वभूमी

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी घरांत वीज पोचली होती. दिवे होते, रेडिओ होता, इस्त्री होती. भात मात्र अजून चुलीवरच शिजत होता. तिथल्या चुलीला कामादो म्हणतात. मातीची बांधलेली चूल, तिच्या तोंडात बसणारं गोल बुडाचं भांडं आणि त्यावर जाडजूड लाकडी झाकण. भात रोजचा, बहुतेक घरांत दिवसातून दोन-तीन वेळा. घरातल्या बाईने अंधारात उठायचं, जाळ करायचा आणि भात होईपर्यंत चुलीपासून हलायचं नाही.

या भातासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक बोलगाणं आहे. त्याचा आशय असा: आधी जाळ मंद, मग भडकता, आणि लेकरू रडलं तरी झाकण काढू नको. यातला शेवटचा भाग या प्रकरणात फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे कोकणात, गोव्यात भात वेळतात. पाणी भरपूर घालायचं, मधेच एक शीत काढून बोटांत चेपून बघायचं, शिजलं की पेज काढून टाकायची. चुकलं तर सावरायला जागा असते. जपानी पद्धतीत पाणी मोजून घालतात, ते सगळं तांदळातच मुरायला हवं आणि वाफ दवडायची नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची सोयच नाही, कारण झाकण उघडलं की भात बिघडला. चुलीजवळची बाई आतलं काहीही न बघता वाफेवरून, आवाजावरून आणि वासावरून सगळं ओळखत असे. हे ज्ञान कुठे लिहिलेलं नव्हतं, ते तिच्या हातात होतं.

दुसरीकडे धुण्याची यंत्रं घरात शिरू लागली होती. पुढे तोशिबा झालेल्या कंपनीने 1930 मध्ये अमेरिकन तंत्राच्या आधारावर जपानचं पहिलं विजेवर चालणारं धुण्याचं यंत्र काढलं होतं. किंमत होती 370 येन, म्हणजे सामान्य घराने विचारही करू नये इतकी. युद्धानंतर चित्र बदललं. 1953 मध्ये सान्यो कंपनीने टबाच्या बाजूच्या भिंतीत फिरती चकती बसवलेलं यंत्र 28,500 येनांना आणलं आणि धुण्याच्या यंत्राला खरा बाजार मिळाला.

आपलं प्रकरण सुरू होतं ते अशाच एका यंत्राच्या विक्रीतून. तोशिबाच्या विक्री विभागातले एक अधिकारी धुण्याच्या यंत्राची प्रात्यक्षिकं करत गावोगाव हिंडत होते. जमलेल्या बायकांना ते विचारत, घरातलं सगळ्यात जड काम कोणतं? त्यांना उत्तर हवं होतं धुणं. बायकांनी सांगितलं, धुणं आहेच, पण त्याहून जड आहे तो भात. धुणं एखाद दिवस उद्यावर ढकलता येतं, भात नाही येत. विकायला निघालेला माणूस हे ऐकून घेतो आणि मनात ठेवतो, ही माझ्या मते या प्रकरणातली पहिली चांगली गोष्ट.

या अधिकाऱ्यांची, तसंच पुढे येणाऱ्या छोट्या कारखान्याची आणि त्या कुटुंबाची नावं इथे दिलेली नाहीत.

अडचण

विजेवर भात शिजवणं ही मुळात नवी कल्पना नव्हती, आणि खरी अडचण तिथेच होती. आधीचे प्रयत्न फसलेले सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे कंपनीतले अभियंते त्यात पुन्हा पडायला तयार नव्हते. त्यात भर होती ती मनातल्या एका समजुतीची. पहाटे उठून भात करणं हे बाईचं कामच आहे, ते टाळून झोपू पाहणाऱ्या बाईसाठी यंत्र कशाला, असा सूर कंपनीतच होता. कोणतं काम यंत्राने करण्याच्या लायकीचं, हे ते काम कधीच न केलेली माणसं ठरवत होती.

कंपनीत दाद लागेना, तेव्हा अधिकाऱ्यांनी हे काम टोकियोतल्या एका छोट्या कारखानदाराकडे नेलं. हा कारखाना तोशिबासाठी विजेवर पाणी तापवायची उपकरणं बनवत असे. त्यांच्या ऑर्डरी घटल्या होत्या आणि मालकांना नवं काम हवंच होतं. त्यांनी होकार दिला. पत्रा, तारा, तापणारी कॉइल यात त्यांचा हात बसलेला होता. भात मात्र त्यांनी कधी शिजवलेला नव्हता.

तांत्रिक प्रश्न नीट मांडायला हवा, कारण आधीचे लोक इथेच चुकले होते. प्रश्न उष्णतेचा नव्हता, उष्णता कोणतीही कॉइल देते. प्रश्न असा होता, की भात झाला हे यंत्राला कळणार कसं?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय इलेक्ट्रोडचा. भांड्यात दोन धातूच्या पट्ट्या बसवायच्या आणि वीज थेट तांदूळ-पाण्यातून जाऊ द्यायची. पाणी मुरत जातं तसा प्रवाह आपोआप कमी होतो आणि शेवटी जवळजवळ थांबतो. कागदावर हे फार सुंदर दिसतं. जपानी लष्कराच्या 1937 च्या फिरत्या स्वयंपाकगाडीत हीच रीत होती. युद्ध संपल्या संपल्या, 1945 मध्ये, पुढे सोनी म्हणून नावारूपाला आलेल्या मासारू इबुका यांच्या छोट्या गटानेही हेच केलं. कारखाने बंद पडल्यामुळे तेव्हा वीज शिल्लक होती, म्हणून घरगुती वापराचं काहीतरी काढावं असा विचार होता. लाकडी टबाच्या तळाशी अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्ट्या बसवल्या. असे शंभरेक टब घेऊन ठेवले होते. भात कधी कच्चा राहिला, कधी गिचका झाला. तांदळाची जात, त्याचा ओलावा, पाणी यात थोडा फरक पडला की निकाल बदलायचा, आणि त्या टंचाईच्या काळात मिळणारा तांदूळ काही एकसारखा नसायचा. ते टब विकले गेले नाहीत.

दुसरा पर्याय साध्या विजेच्या भांड्याचा. खाली कॉइल, वर भांडं, बाजूला बटण. अशी भांडी दुकानांत होती. पण बटण बंद करायला बाईने तिथे उभं राहायचं, म्हणजे चूल गेली तरी पहारा राहिलाच. अधिकाऱ्यांनी हा पर्याय ठामपणे नाकारला. आपोआप बंद होणार नसेल तर यंत्र काढायचंच नाही, हा त्यांचा आग्रह होता. हा पहिला मोठा निर्णय, आणि मला तो बरोबर वाटतो. भांडं गरम करणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक नव्हतं. गिऱ्हाईक होतं ते पहारा संपवणाऱ्या वस्तूला.

तिसरा पर्याय घड्याळाचा. ठरावीक मिनिटांनी वीज तोडायची. पण दोन माणसांचा भात आणि सहा माणसांचा भात एकाच वेळात होत नाही. शिवाय नळाचं पाणी हिवाळ्यात बर्फासारखं आणि उन्हाळ्यात कोमट. घड्याळाला हे काहीच कळत नाही.

चौथा पर्याय उरला तो तापमान ओळखून वीज तोडण्याचा. त्यासाठी बायमेटल उपलब्ध होतं. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त वाढते, दुसरी कमी, म्हणून पट्टी वाकते आणि वाकताना वीज तोडते. पण ती कोणत्या तापमानाला तोडायची आणि ते तापमान मोजायचं कुठे, हे सांगणारी माहिती कोणाकडेच नव्हती.

काय केलं

मालकांनी घरी येऊन पत्नीला विचारलं. या एका कृतीने प्रकरणाची दिशा बदलली, पण ते विचारणं साधं नव्हतं. नुसतं 'तू कसा करतेस' विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, 'अंदाजाने'. ठरलं ते असं, की तो अंदाज आकड्यांत उतरवायचा.

त्यांच्या पत्नी कामाला लागल्या. चुलीवर, कोळशावर, गॅसवर त्या पुन्हा पुन्हा भात शिजवत. तांदूळ किती, पाणी किती, उकळी कधी आली, आच कधी कमी केली, कोणत्या मिनिटाला किती अंश, सगळं मोजून टिपून ठेवत. घर मुलाबाळांनी भरलेलं, त्यांचं सगळं करून हे. जो भात बिघडे तो घरातच संपवावा लागे. असं काही दिवस नाही, काही वर्षं चाललं.

त्या नोंदींतून जे हाती लागलं ते दोन आकड्यांचं होतं. उकळी आल्यावर भांडं साधारण 98 अंशांच्या आसपास 20 मिनिटं राहिलं, की तांदळातला स्टार्च पुरता शिजतो आणि भात चांगला होतो. त्याहून कमी वेळ दिला तर कणी राहते, जास्त दिला तर करपतो. तांदूळ किती आहे यावर उकळी यायला लागणारा वेळ बदलतो, पण उकळीनंतरची ती 20 मिनिटं फारशी बदलत नाहीत. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हातात जे होतं, ते पहिल्यांदा कागदावर आलं. अभियंते ज्यावर अडले होते तो प्रश्न आता असा झाला: 20 मिनिटं मोजणारं, पण उकळीपासूनच मोजायला सुरुवात करणारं घड्याळ कुठून आणायचं?

उत्तर पाण्यात सापडलं. घरी करून बघता येईल अशी गोष्ट आहे. पातेलीत थोडं पाणी घालून गॅसवर ठेवा. पाणी आहे तोवर पातेलीचा तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. शेवटचा थेंब आटला की तळ तडतडतो आणि तापमान झपकन वर चढतं. या उडीवरच यंत्र बेतलं. एका भांड्यात दुसरं भांडं. आतल्यात तांदूळ आणि त्याचं मोजलेलं पाणी. बाहेरच्यात पेलाभर पाणी, 20 मिनिटांत आटेल इतकंच. बाहेरच्या पाण्याची वाफ आतल्या भांड्याला चहूबाजूंनी वेढते. ते पाणी संपलं की बाहेरच्या भांड्याचा तळ शंभर अंशांच्या वर उसळतो, बायमेटल वाकतं, खट्‌ आवाज होऊन वीज तुटते. पुढे भात आपल्याच वाफेवर मुरतो.

आपल्या मोदकपात्रात खाली पाणी आणि वर वाफेत मोदक असतात, तसंच काहीसं. फरक असा, की मोदकपात्रातलं पाणी संपू नये म्हणून आपण काळजी घेतो. इथे ते संपणं हीच खूण होती.

हा दुसरा मोठा निर्णय, आणि त्यात तोटा होता. वापरणाऱ्या बाईला दर वेळी बाहेरच्या भांड्यात पाणी मोजून ओतावं लागणार होतं. आतल्या भांड्याशिवाय आणखी एक भांडं सांभाळायचं आणि वाफेच्या वाटेने शिजवायला वीज व वेळ थोडा जास्त. तरीही त्यांनी हाच मार्ग घेतला, कारण त्या काळच्या बायमेटलच्या अचूकतेला झेपेल अशी खूण यातच मिळत होती. 98 आणि 100 यांतला फरक ओळखायला लावलं असतं तर पट्टी फसली असती. पाणी संपल्यानंतरची ती मोठी उडी मात्र खरबरीत पट्टीलाही कळते. मोजमाप नाजूक करता येत नसेल तर मोजायची खूण ठळक करायची, ही कारागिराची युक्ती मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते.

मग थंडीने घात केला. यंत्र टोकियोत नीट चालायचं, पण भोवतालची हवा फार गार असली की बाहेरच्या भांड्याची उष्णता निसटून जायची आणि पट्टीचा हिशेब चुकायचा. कुठे भात कच्चा, कुठे बरा. उत्तरेकडच्या बर्फाळ भागात हे यंत्र विकायचं तर हे चालणार नव्हतं. उन्हात, गारठ्यात ठेवून पुन्हा चाचण्या झाल्या. शेवटी बाहेर आणखी एक आवरण आलं आणि मधल्या हवेच्या थराने आतली उष्णता धरून ठेवली. असं ते तीन पदरी भांडं झालं.

या काळात पैसा कुठून आला हेही सांगायला हवं. कंपनीने बाजार दाखवला होता, खर्चाची हमी घेतली नव्हती. मालकांनी राहतं घर गहाण टाकलं.

निकाल

10 डिसेंबर 1955 ला तोशिबाचा स्वयंचलित राइस कुकर बाजारात आला. अंग पांढरं, गोलसर, किंमत 3,200 येन. नुकत्याच पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या तरुणाच्या पगाराचा सुमारे एक तृतीयांश. सुरुवात 700 नगांनी झाली.

दुकानदारांनी उत्साह दाखवला नाही. बटण बंद करायला उभं राहावं लागणारी भांडी त्यांनी आधी विकायला घेतली होती, आणि आपोआप बंद होतं हे नुसतं सांगून त्यांना पटेना. तेव्हा विक्री अधिकारी पुन्हा गावोगाव निघाले. त्यांनी शिजवायला निवडला सोया सॉस घातलेला, भाज्यांचा भात. चुलीवर हा हमखास बुडाला लागतो, म्हणून प्रत्येक बाईला त्याची धास्ती. यंत्र लावून ते बोलत राहत, भांड्याकडे बघतही नसत. खट्‌ आवाज झाला की काही वेळाने झाकण उघडून दाखवत. बुडाला काही लागलेलं नसे. वीज कंपन्यांनीही आपल्या जाळ्यातून हे यंत्र विकायला मदत केली, कारण घरातला विजेचा वापर वाढणं त्यांच्याही फायद्याचं होतं. वेळ लावून ठेवायचं घड्याळही जोडता येऊ लागलं, तेव्हा रात्री तांदूळ धुऊन ठेवायचे आणि सकाळी गरम भात, हे शक्य झालं.

साधारण वर्षभरात उत्पादन महिन्याला 2 लाखांवर गेलं. चार वर्षांत जपानमधल्या जवळपास निम्म्या घरांत राइस कुकर पोचला. 1970 पर्यंत तोशिबाने 1 कोटी 23 लाखांहून अधिक नग बनवले.

प्रतिस्पर्धी थांबले नव्हते. मात्सुशिता, म्हणजे आजच्या पॅनासोनिक कंपनीने, 1956 मध्ये आपला कुकर आणला आणि पुढे एकाच भांड्याचे, थेट तापणारे कुकर बाजारात वरचढ ठरले. त्यांत बाहेर पाणी ओतायची गरज नाही. आज साध्या राइस कुकरमध्ये तळाशी एक खास चुंबक असतं. भातातलं पाणी संपून तळ शंभरच्या थोडा वर गेला की त्याचं चुंबकत्व जातं, स्प्रिंग सुटते आणि कळ वर येते. खूण तीच, पाणी संपल्यानंतरची उडी. फक्त बाहेरच्या पेल्याऐवजी ती भातातल्याच पाण्यावरून घेतात. तैवानमध्ये मात्र तातुंग कंपनीने तोशिबाच्या तंत्रावरून 1960 मध्ये काढलेलं दोन भांड्यांचं यंत्र अजून घरोघरी आहे. त्यात भात, रस्से, वाफवलेली अंडी सगळं होतं, आणि बाहेरच्या भांड्यात पाणी किती ओतायचं हे तिथली शाळकरी मुलंही सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

थंडीची चाचणी आधी व्हायला हवी होती. ज्या देशाच्या एका टोकाला बर्फ आणि दुसऱ्या टोकाला दमट उन्हाळा, तिथल्या यंत्राची चाचणी एकाच शहराच्या हवेत करून भागणार नव्हतं. आराखडा पक्का झाल्यावर आवरण वाढवणं हे आधी वाढवण्यापेक्षा नेहमी महाग पडतं.

दुसरी गोष्ट एका भांड्याच्या कुकरची. दोन भांड्यांचा मार्ग 1955 साठी योग्य होता याबद्दल मला शंका नाही. पण पाणी ओतायची ती जादा पायरी वापरणाऱ्याला कायमची आवडणार नाही, हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पहिलं यंत्र खपू लागलं तेव्हाच थेट तापणाऱ्या भांड्यावर तितक्याच चिकाटीने काम सुरू झालं असतं, तर ती जागा दुसऱ्याने घेतली नसती. हातात नोंदवह्या होत्या. भात कसा शिजतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

इबुकांच्या टबाबद्दलही एक सांगायचं आहे. तिथे बुद्धी कमी नव्हती, हे पुढच्या इतिहासाने दाखवलंच. पण भात आधी मोजला नाही, यंत्र आधी बनवलं. तांदूळ बदलला की काय होतं हे वर्षभर मोजत बसायची चैन 1945 च्या उद्ध्वस्त टोकियोत परवडणारी नव्हती, हेही खरं.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. सगळा धोका आणि सगळी मेहनत एका घरावर आली. घर गहाण, भांडवल तेच, प्रयोगशाळा तीच, आणि प्रयोग करणारी एकच व्यक्ती, जिला तो प्रयोग संपल्यावर खरा स्वयंपाकही करायचा होता. त्या आजारी पडल्या, आणि यंत्र देशभर पोचल्यावर थोड्याच वर्षांत वारल्या. काम आणि आजार यांचा संबंध किती, हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण मोठ्या कंपनीला हे काम वाटून घेणं कठीण नव्हतं. पाच-सहा घरांतल्या बायकांना मजुरी देऊन त्याच मोजमापाला लावता आलं असतं. वेगळ्या चुली, वेगळा तांदूळ, वेगळं पाणी आणि वेगळे हात मिळाले असते. नोंदी जास्त पक्क्या झाल्या असत्या, थंडीतली चूक कदाचित लवकर सापडली असती, आणि पहाटे उठून थर्मामीटर बघणारी ती एकटी राहिली नसती.